मोटर जळण्याआधी

दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या इमारतींचा दिवस पाण्याच्या वेळेवर चालतो. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, आवारात जमिनीखाली बांधलेल्या टाकीत साठतं आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. गिरगावातली चाळ असो की दादरची सोसायटी, जिन्याखाली किंवा आवाराच्या कोपऱ्यात बसवलेली ती मोटर थांबली की सगळ्या मजल्यांचे नळ कोरडे पडतात. मग धावपळ होते, मोटर उतरवली जाते, रिवाइंडिंगला जाते, भरून येते, पुन्हा बसते. आणि काही महिन्यांनी पुन्हा जळते.

हा लेख त्या ‘पुन्हा’बद्दल आहे. विजेची मोटर मुळात दणकट वस्तू आहे. ती बहुतेक वेळा स्वतःच्या दोषाने मरत नाही. फेज गेलेला असतो, बेअरिंग कोरडं पडलेलं असतं, पाणी शिरलेलं असतं, नाहीतर स्टार्टरचा रिले चुकीच्या आकड्यावर लावलेला असतो. मोटर भरली आणि कारण तसंच राहिलं, तर नवी तांब्याची तारही त्याच वाटेने जाते. हे कारण शोधण्याची विद्या परळ-लालबागला परकी नाही. शंभराहून अधिक वर्षं ती इथे नांदते आहे.

खोपोलीहून परळला

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती ताडदेवला सुरू झाली. तेव्हापासून पुढची साठ वर्षं गिरणी म्हणजे वाफेचं इंजिन. एक मोठं इंजिन छताखालचा लांब शाफ्ट फिरवायचं आणि शाफ्टवरून उतरलेले चामड्याचे पट्टे साचे चालवायचे. इंजिन थांबलं की अख्खं खातं थांबायचं. वीज गिरणीत आधी आली ती दिव्यांच्या रूपाने, आणि तिने कामगाराचा दिवस लांबवला. अंधार पडल्यावरही यंत्रं चालवणं शक्य झालं, कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत गेले. कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या कामावर बारा तासांची मर्यादा घालायला १९११ चा फॅक्टरी कायदा यावा लागला.

शक्तीसाठी वीज आली ती १९१५ मध्ये. टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळ्याच्या परिसरात पावसाचं पाणी अडवलं, ते नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला आणलं आणि तिथे निघालेली वीज सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने परळच्या ग्रहण केंद्रात पोचवली. त्या विजेचा मुख्य ग्राहक होत्या गिरण्या. पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रं त्यात जोडली गेली. इंजिनाच्या जागी आधी एका शाफ्टला एक मोठी मोटर बसली आणि मग हळूहळू यंत्रागणिक स्वतंत्र मोटर आली. एक मोटर बिघडली तर एकच यंत्र थांबू लागलं, पण सांभाळायच्या मोटरी अनेक पटींनी वाढल्या. तारा, स्टार्टर, बेअरिंग, वाइंडिंग सांभाळणारा माणूस गिरणीच्या पोटात तयार झाला तो या गरजेतून.

शहरही त्याच काळात मोटरीवर चालू लागलं. विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी सुरू झाली आणि १९६४ पर्यंत धावली. व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ ची. १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर चालणाऱ्या त्या लोकलच्या मोटरींत कार्बनचे ब्रश असत, ते झिजत, ठिणग्या पडत, बदलावे लागत. आजच्या लोकल २५ हजार व्होल्ट एसीवर धावतात, आणि त्यांच्या मोटरी तीन फेजच्या आहेत. ब्रश गेले, त्याबरोबर देखभालीचं मोठं काम गेलं.

शिक्षणाची सोयही जवळच होती. १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट आधी भायखळ्याला होती आणि १९२३ मध्ये माटुंग्याला गेली. ती भायखळ्याला असताना लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे शिकवत असत. पुढे १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. मुंबईच्या वर्गातून निघालेलं यंत्रज्ञान पंपांच्या रूपाने महाराष्ट्राच्या विहिरींवर पोचलं, त्याची एक वाट इथून जाते.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. मोटरी मात्र या भागातून गेल्या नाहीत, त्या विखुरल्या. आज त्या पंपात आहेत, लिफ्टच्या खोलीत आहेत, लालबागच्या मसाल्याच्या कांडपात आणि पिठाच्या गिरणीत आहेत, घरोघरच्या पंख्यात आहेत. गणेशोत्सवात त्या लालबाग-चिंचपोकळीच्या चलत् देखाव्यांत हात हलवतात, रथ पुढे नेतात. सुटे भाग हवे असतील तर क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ आणि ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड हाकेच्या अंतरावर आहेत.

जोडणी

निकोला टेस्लाने इंडक्शन मोटरचं पेटंट १८८८ मध्ये घेतलं. मूळ कल्पना आजही तीच आहे. बाहेरच्या स्थिर भागातल्या वाइंडिंगमध्ये फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि आतला रोटर त्याच्या मागे ओढला जातो. रोटरला तारेने वीज पोचवावी लागत नाही. ५० हर्ट्झवर चार पोलच्या मोटरचं क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे फिरतं, रोटर जरा मागे राहतो आणि पाटीवर १४४० च्या आसपास आकडा दिसतो. दोन पोलच्या पंपावर तो २८८० च्या जवळ असतो.

घरगुती २३० व्होल्टच्या एका फेजवर क्षेत्र आपोआप फिरत नाही. म्हणून सिंगल फेज मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात, रनिंग आणि स्टार्टिंग, आणि स्टार्टिंगच्या मार्गात कॅपॅसिटर. बाहेर आलेल्या तीन तारांवरची खूण पुसली असेल, तर वीज तोडून मल्टीमीटर लावावा. ज्या दोन तारांत सर्वांत जास्त ओहम दिसतात, त्या सोडून उरलेली तिसरी तार कॉमन. बहुतेक पंपांत कॉमनपासून कमी ओहम दाखवणारी रनिंग आणि जास्त दाखवणारी स्टार्टिंग. मोटर उलटी फिरत असेल तर स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं आपसात बदलायची. कॅपॅसिटरवर लिहिलेला आकडा तोच ठेवायचा. छताच्या पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरड लागतो. तो क्षीण झाला की पंखा मंदावतो, आणि दोष नाहक रेग्युलेटरला लागतो.

तीन फेजच्या मोटरला ४१५ व्होल्ट लागतात. दिशा बदलायची तर कोणतेही दोन फेज आपसात बदलले की झालं. हे सोपं आहे, म्हणूनच नकळत घडतं. रस्त्यातली केबल दुरुस्त झाल्यावर फेजचा क्रम बदलला, तर पंप उलटा फिरतो. आवाज येतो, पाणी येत नाही, आणि दोन दिवस फूट व्हॉल्व्ह उघडून पाहण्यात जातात.

चालू होताना मोटर पूर्ण भाराच्या सहा-सात पट करंट ओढते. लहान मोटरला डीओएल स्टार्टर चालतो. मोठीला स्टार-डेल्टा लावतात, त्याने सुरुवातीचा करंट एक तृतीयांश होतो, पण सुरुवातीचा जोरही तेवढाच घटतो. ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावायचा. वारंवार ट्रिप होतो म्हणून त्याची चकती पुढे सरकवणं हा मोटर जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणं हे त्याच जातीचं पाप.

दोष शोधायचा क्रम

जाणता वायरमन आधी विचारतो, मग पाहतो, मग मोजतो, आणि पान्याला हात शेवटी लावतो. तपास पुरवठ्यापासून भाराकडे जातो : मीटर, मेन स्विच, स्टार्टर, केबल, मोटर, पंप.

मोटर गुरगुरते पण फिरत नाही : वीज तोडून शाफ्ट हाताने फिरवावा. जाम असेल तर बेअरिंग किंवा पंपाचा इंपेलर अडकला आहे. मोकळा फिरला, तर सिंगल फेजमध्ये पहिला संशय कॅपॅसिटरवर, तीन फेजमध्ये गेलेल्या फेजवर. कॅपॅसिटर हाताळण्याआधी तो डिस्चार्ज करायला विसरू नये.

बटण दाबताच एमसीबी पडतो : शॉर्ट किंवा अर्थ फॉल्ट. पुन्हा पुन्हा वर करून पाहणं धोक्याचं.

दहा-पंधरा मिनिटांनी ट्रिप होते : टाँग टेस्टरने तिन्ही फेजचा करंट मोजावा. तिन्हीत सारखा जास्त असेल तर भार वाढला आहे किंवा व्होल्टेज कमी आहे. एकात फरक असेल तर जोड सैल आहे, कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट जळलेला आहे किंवा वाइंडिंग खराब झालं आहे.

मोटर चालते, पाणी नाही : फूट व्हॉल्व्हची गळती, सक्शन पाइपात शिरलेली हवा, रिकामी टाकी किंवा उलटी दिशा. कोरडा चाललेला पंप आधी सील घालवतो, मग गळलेलं पाणी मोटरच्या बेअरिंगपर्यंत जातं.

हात लावला की झिणझिण्या येतात : अर्थिंग तुटलं आहे आणि इन्सुलेशन गळतं आहे. दोन्ही दुरुस्त होईपर्यंत मोटर बंद.

घरातले दिवे एका खोलीत मंद आणि दुसऱ्या खोलीत झगझगीत झाले, तर मुख्य लाइनचा न्यूट्रल सुटलेला असू शकतो. अशा वेळी काही घरांत व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं आणि फ्रिज, टीव्ही एकदम जातात. मेन स्विच पाडून वीज कंपनीला कळवणं एवढंच रहिवाशाने करायचं. जुन्या चाळींत जिन्याखाली दाटीवाटीने बसवलेले मीटर आणि तांब्याला पिळलेली अ‍ॅल्युमिनियमची तार हे या दोषाचं नेहमीचं घर आहे. तो जोड काळा पडतो, तापतो आणि सुटतो.

जळलेल्या वाइंडिंगची साक्ष

मोटर उघडली की वाइंडिंग कारण सांगतं. स्टारमध्ये जोडलेल्या मोटरचे दोन फेज काळे आणि एक शाबूत असेल, तर चालू असताना एक फेज गेला होता. डेल्टामध्ये तोच प्रसंग घडला तर एकच फेज काळा पडतो. तिन्ही सारखे करपले असतील तर ओव्हरलोड, जाम शाफ्ट किंवा कमी व्होल्टेज. एकाच खाचेत ठिणगीचा डाग असेल तर ओल किंवा कापलेलं इन्सुलेशन. ही साक्ष तारा कापून फेकल्या की नष्ट होते. म्हणून रिवाइंडिंगवाल्याकडून उघडलेल्या मोटरचा फोटो मागणं हा सोसायटीचा हक्क समजावा. फेज जाण्याचा प्रकार असेल तर एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवल्याशिवाय भरलेली मोटर जोडू नये. त्याची किंमत एका रिवाइंडिंगपुढे किरकोळ आहे.

इथला पाऊस, इथला उत्सव

समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांची ओल हे या भागातल्या मोटरीचे कायमचे शत्रू आहेत. परळजवळ हिंदमाताला पाणी तुंबलं की आसपासच्या आवारांतले पंप बुडतात. बुडालेली मोटर पाणी ओसरल्यावर लगेच चालू करून पाहणं म्हणजे ती स्वतःच्या हाताने जाळणं. ती उघडून, सुकवून, ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासावं. वाचन एक मेगओहमच्या खाली असेल तर आणखी सुकवावी. मुळात पंपाचा कट्टा मागच्या पुराच्या खुणेच्या वर बांधावा.

उत्सवाची काळजी वेगळी. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसला आणि लालबागच्या राजाची स्थापना १९३४ ची. आज देखाव्यातली मोटर लहान असली तरी ती रात्रंदिवस कापड, लाकूड आणि रंग यांच्यामध्ये चालते. हाताने पिळून टेप लावलेले जोड, अर्थ न दिलेले लोखंडी सांगाडे, पावसात भिजणारे बोर्ड यांनी तिथे जीव जाऊ शकतो. प्रत्येक बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, पेटीत बंद केलेले जोड आणि सांगाड्याला अर्थिंग या तीन गोष्टी मूर्तीच्या रंगाइतक्याच आवश्यक मानायला हव्यात.

विद्या जपण्यासाठी

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यातून निघालेल्या मुलाला चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली काम मिळालं तर तो आवाजावरून बेअरिंग ओळखतो आणि वासावरून तापलेलं वार्निश. ही विद्या हातात असते, आणि हातातून हातात जाते. तिला योग्य मजुरी मिळाली नाही तर उरतील फक्त मोटरी बदलणारे. तपासणीचे पैसे वेगळे द्यायला आपण कचरतो आणि जळलेल्या मोटरीचं बिल निमूट भरतो, ही सवय बदलली पाहिजे.

म्हणून दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक चाळीने आणि सोसायटीने एवढं करावं. पंपाच्या खोलीत एक वही टांगावी. मोटरच्या पाटीवरचे आकडे, रिलेची सेटिंग, बेअरिंग बदलल्याची तारीख आणि दर तीन महिन्यांनी मोजलेला तिन्ही फेजचा करंट तीत लिहावा. परवानाधारक वायरमनलाच काम द्यावं आणि मोटर जळली तर भरायला देण्याआधी कारण लेखी मागावं.