‘छान आहे’ नको, ‘कुठे अडलो’ ते सांगा

ठरलेल्या वेळेत गेम बनवायच्या उपक्रमाला ‘गेम जॅम’ म्हणतात. २००२ साली सुरू झालेल्या ‘लुडम डेअर’च्या मूळ स्पर्धेत एकट्याने ४८ तासांत गेम पूर्ण करायचा असतो. मग सहभागी एकमेकांचे गेम खेळून अभिप्राय देतात. ‘बाबा इज यू’ हा कोड्यांचा गेमही २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये तयार झाला आणि भर पडत पडत २०१९ मध्ये बाजारात आला.

हे वर्गातही करून बघा. समजा, मुलांनी दोन तासिकांत आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावर गेम बनवला : किल्ली शोधा, दरवाजा उघडा. घाईत चुका राहणारच. आता दुसऱ्या गटाला खेळू द्या. बनवणाऱ्यांनी गप्प बसून बघायचं आणि खेळणारे जिथे थांबतात ते वहीत टिपायचं. कारण उत्तर आधीच माहीत असल्याने बनवणाऱ्याला स्वतःचं कोडं सोपंच वाटतं.

‘बोअर आहे’ ऐकून मूल हिरमुसतं. ‘किल्ली भिंतीच्याच रंगाची आहे, दिसलीच नाही’ हे ऐकून मात्र लगेच दुरुस्तीला बसतं.

आता आपण तपासलेल्या वह्या आठवा. ‘सुधारणा हवी’ असा शेरा दिला. पण नेमकी कुठे, ते लिहिलं होतं का?