पडद्याआधीची वही

संकेतस्थळावर आपले काम उरकताना माणसाला जे जे सोसावे किंवा सुखाने पार पाडावे लागते, म्हणजे पान उघडण्याच्या विलंबापासून चूक झाल्यावर मिळणाऱ्या सूचनेपर्यंत, त्या सगळ्याला मिळून ‘वापरकर्ता अनुभव’ म्हणतात. १९९०च्या दशकाच्या आरंभी ॲपल कंपनीत असताना डोनाल्ड नॉर्मन यांनी ही संज्ञा रूढ केली. व्यापाराने ती लगेच उचलली, कारण अडलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे वळते आणि तोटा हिशेबात उमटतो. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीत मात्र हा हिशेब जुळत नाही, कारण येथे संकेतस्थळ ज्याच्यासाठी असते तो माणूस एक आणि कळफलकावर बोटे चालवणारा दुसरा असतो.

या दोघांना जोडते ते सेवा केंद्र. २००६ मध्ये केंद्र सरकारने अशा केंद्रांची सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) योजना मंजूर केली, २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला. परंतु केंद्र चालवणारा तरुण सरकारी नोकर नसून अर्जामागे मिळणाऱ्या शुल्कावर घर चालवणारा छोटा व्यावसायिक आहे. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की कसनसूर, गट्टा, जारावंडीकडची माणसे जातीच्या, उत्पन्नाच्या, अधिवासाच्या दाखल्यांसाठी बाकावर येऊन बसतात. कागद स्कॅन करणे, फोटो ठरलेल्या आकारात बसवणे, शुल्क भरून पावती काढणे हे सारे सवयीने होते.

लक्ष वेधून घेते ती संगणकाशेजारची जाड वही. समोरचा म्हातारा माडिया बोलीत सांगतो, चालक मराठीत वहीत उतरवतो आणि पडद्यावरच्या रकान्यात रोमन लिपीत टंकतो. या वाटेत आडनावाचे एखादे अक्षर आधार कार्डाशी जुळले नाही तर अर्ज परत येण्याची धास्ती असते. पण वही ठेवावी लागते ती मुख्यतः वेगळ्याच कारणाने. म्हातारा पिशवीतून रेशन कार्ड काढेपर्यंत ‘सत्र’ संपते, म्हणजे सुरक्षिततेसाठी आखलेली मुदत उलटून साइट चालकाला बाहेर काढते, आणि भरलेले सगळे रकाने कोरे होतात. मग वही उघडून पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरुवात.

यावरचा उपाय जगाला ठाऊक आहे. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जे निकष केले, त्यांच्या सर्वांत प्राथमिक पातळीवरच असा एक मार्ग सुचवलेला आहे की मुदत संपण्यापूर्वी सूचना द्यावी आणि एखादी साधी कळ दाबून ती वाढवण्यासाठी किमान २० सेकंद द्यावेत; २०२३च्या आवृत्तीत, एकदा दिलेली माहिती त्याच कामात पुन्हा भरायला लावू नये, हीही अपेक्षा आली. २० सेकंदांत रेशन कार्ड सापडणार नाही, पण चालकाला कळ दाबता येईल. नेटवर्कच गेले तर हे २० सेकंदही निरुपयोगी ठरतात. तेथे अर्धवट अर्ज आपोआप जतन होणे हाच इलाज आहे, आणि तो न करण्याला एटापल्लीपुरते तरी कोणतेही समर्थन देता येत नाही.

नियमाची अडचण आणि पडद्याची अडचण यांत अर्थातच भेद केला पाहिजे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि ज्या घरातील आजोबांनी शाळा पाहिलीच नाही त्या घराची ही अडचण कोणताही रचनाकार सोडवू शकत नाही. मात्र कोणता जुना कागद चालेल हे पहिल्याच पानावर सांगायचे की शेवटच्या, हे सर्वस्वी त्याच्या हाती असते. शेवटच्या पानावर कळले तर दुसरी खेप पडते. ती मे महिन्यात पडली तर तेंदूपानांच्या हंगामातला एक दिवस बुडतो, आणि सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधून मजुरी मिळवण्याचा हा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो.

एटापल्लीच्याच बाजारात, मोबाईलवरून पैसे आले की, किराणा दुकानाच्या फळीवरची छोटी पेटी ‘शंभर रुपये प्राप्त झाले’ असे मोठ्याने बोलते. दुकानदाराला हात थांबवून पडदा वाचावा लागत नाही, गिऱ्हाइकालाही पैसे पोचल्याची खात्री पटते. दुकानदार कंटाळून दुसऱ्या कंपनीची पेटी घेईल, ही भीती त्या रचनेमागे आहे. दाखल्याच्या अर्जाला अशी भीती नाही. शिवाय चालक रात्री उशिरा, नेटवर्क मोकळे झाल्यावर, अर्ज पुरा करून टाकतो, त्यामुळे दूरच्या कार्यालयातील आकडेवारीत तो यशस्वी अर्ज म्हणूनच जमा होतो आणि दिवसभराचा खोळंबा कोठेच नोंदला जात नाही. बाकावरच्या माणसांचा राग मात्र चालकाला ऐकावा लागतो.

म्हणून रचनाकाराने अभ्यासावी ती वही. तिच्यात प्रश्नांचा क्रम पडद्यासारखा नाही. सर्वांत आधी मोबाईल क्रमांक आणि तो फोन आत्ता कोणाजवळ आहे हे लिहिलेले असते, कारण ओटीपी गावी राहिलेल्या मुलाच्या फोनवर गेला तर पुढचे सगळे व्यर्थ जाते. त्यानंतर आधारवरचे नाव जसेच्या तसे, मग कोणते कागद आणलेत आणि कोणते राहिले, आणि पत्ता अगदी शेवटी.