शरीराचे पहारेकरी

घरात फ्लूची साथ शिरली की यजमान चार दिवस अंथरूण धरतात आणि गृहिणी तोच ताप अंगावर काढते. ‘तुमचं दुखणं म्हणजे नुसतं कौतुक!’ हा टोमणा कोणत्या घरात ऐकू येत नाही? थट्टा बाजूला ठेवू. पण रोगाशी झुंजण्याच्या रीतीत स्त्री-पुरुषांत खरोखरच फरक असतो, आणि त्यात लैंगिक हार्मोनांचा मोठा हात आहे.

1898 साली कॅल्झोलारी या इटालियन संशोधकाला खच्ची केलेल्या सशांत थायमस ग्रंथी अधिक मोठी आढळली. थायमस म्हणजे काही पांढऱ्या पेशींची तालीमच. रोगाशी लढण्याचे शिक्षण त्यांना तेथे मिळते. पुढे उलगडा झाला, की टेस्टोस्टेरोन हे पुरुषी हार्मोन या पहारेकऱ्यांना आवरून धरते, तर इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन प्रतिपिंडे बनविण्यास बहुधा जोर देते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत फ्लूच्या लशीची अर्धी मात्रा स्त्रियांना जवळजवळ तेवढी लागू पडली, जेवढी पुरुषांना पूर्ण मात्रा!

मग बायकांची चंगळच म्हणायची? छे! फार जागरूक पहारेकरी कधी घरच्याच माणसाला चोर समजून झोडपतो. ल्यूपस हा रोग असाच. त्याच्या दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. सांधे सुजवून वाकडे करणारा आमवातही स्त्रियांनाच दुपटी-तिपटीने अधिक गाठतो. दोष एकट्या हार्मोनांचा नव्हे. स्त्रीच्या पेशींतील दोन एक्स क्रोमोसोमांचाही त्यात वाटा आहे.

अमेरिकेतील डॉ. फिलिप हेंच यांना एक नवल दिसले. आमवाताने जखडलेल्या कित्येक स्त्रियांचे सांधे गरोदरपणी मोकळे होत, आणि बाळंतपणानंतर दुखणे पुन्हा उलटे. शरीरातच काही औषध असले पाहिजे, हे त्यांनी ताडले. त्या शोधाची वाट अखेर कॉर्टिसोनपर्यंत पोचली, आणि 1950 साली आणखी दोन शास्त्रज्ञांसह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा वाचकहो, घरातील कुणी ‘सकाळी बोटे वळत नाहीत, अंगात त्राण नाही’ म्हणाली, किंवा तिच्या गालांवर लाल चट्टे उठले, तर ‘फराळाच्या कामाचा शीण असेल’ म्हणून तिची समजूत घालू नका. डॉक्टरांकडे न्या. वेळीच उपचार झाले तर सांधे आणि मूत्रपिंडे वाचू शकतात. घराचा पहारा करणारीवरही कुणाचे तरी लक्ष हवेच!