जाम झालेली पुली : घणाचे नव्हे, क्रमाचे काम



यंदा वैशाखात पैठण तालुक्यातील आपल्या एका सभासदाच्या वस्तीवर जाण्याचा आम्हाला योग आला. नाथसागराच्या पाण्यावर त्यांचा थोडा ऊस आणि मोसंबीची बाग आहे. बागेच्या ओळींतून आणि उसाच्या सऱ्यांतून फिरेल असा लहान ट्रॅक्टर त्यांनी काही वर्षांपूर्वी जुना घेतला. आम्ही गेलो तेव्हा तो चिंचेखाली उभा होता. रेडिएटर उतरवलेला, आणि समोर सभासदांचा मुलगा हातात घण घेऊन उभा!

दुखणे साधे होते. इंजिनाच्या पुढच्या बाजूने ऑईल ठिबकत होते. ते फॅनच्या पट्ट्यावर उडायचे, पट्टा घसरायचा आणि इंजिन तापायचे. क्रँकचे पुढचे ऑईल सील गेले होते. सील म्हणजे तळहातावर मावणारी वस्तू. पण ते बदलायचे तर त्याच्या पुढची क्रँकची पुली आधी उतरली पाहिजे, आणि ती काही केल्या हलेना. दोन दिवस ठोकाठोकी झाली होती. पुलीच्या कडेचा एक टवका उडाला होता. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने तर "गॅसने कापून काढू, पुली दुसरी बघा" असे सांगितले होते. सुरू उसाची मोठी बांधणी तोंडावर आलेली, पाऊस केव्हाही पडेल. सभासदांचा जीव टांगणीला लागला होता.

"दुसरी बघा" म्हणणे सोपे असते. आपल्याकडे आयशरने फरिदाबादला ट्रॅक्टर बांधायला सुरुवात केली ती १९५९ साली. पिंजोरच्या एच.एम.टी. कारखान्यात १९७१ पासून ट्रॅक्टर तयार होऊ लागले, आणि २०१६ साली तो विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. कारखाना बंद पडला तरी शेतातला ट्रॅक्टर काही बंद पडत नाही. मग त्याचा सुटा भाग भंगारातच शोधावा लागतो. म्हणून जुन्या यंत्राचा भाग न मोडता काढणे याला मोल आहे.

त्याच दिवशी सभासदांचे दाजी वस्तीवर आले. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून त्यांचे आयुष्य गेले, आता निवृत्त आहेत. त्यांनी चहासुद्धा न घेता आधी ट्रॅक्टर पाहिला.

"अप्पा, घण ठेवा बाजूला. हा घाव पुलीवर बसत नाही, आत क्रँकवर बसतोय."

दाजींनी मग उकलून सांगितले. पुली बिडाची असते. बीड वाकत नाही, सरळ तुटते. शिवाय क्रँक मागे-पुढे सरकू नये म्हणून आत पातळ चकत्या बसवलेल्या असतात. पुढून घण घातला की तो मार त्या चकत्या आणि बेअरिंग सोसतात. सीलपायी पूर्ण इंजिन खोलायची पाळी येते ती अशी.

"मग पकडलीय कशानं येवढी?" अप्पांनी विचारले.

"गंजानं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा धरतो. शाफ्ट आणि पुलीच्या मधल्या फटीत त्यानं पाचर मारलीय. तिला बाहेरून ठोकून काय उपयोग?"

पहिल्या दिवशी दाजींनी फक्त साफसफाई केली. तारेच्या ब्रशने शाफ्टचे टोक घासले. रॉकेलमध्ये थोडे इंजिन ऑईल मिसळून ते चावीच्या गाळ्यात आणि शाफ्टभोवती थेंब थेंब सोडले. सकाळ-संध्याकाळ दोन दिवस हेच. मुलगा कंटाळला, पण दाजी म्हणाले, "तेलाला वाट शोधू दे, बाबा."

पुलीच्या तोंडावर आट्यांची दोन भोके होती. मातीने आणि ग्रीसने बुजल्यामुळे ती कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. दाजींनी टॅप फिरवून आटे साफ केले. तीन पायांचा पुलर कडेला अडकवला असता तर बिडाची कड तुटली असती. त्यांनी पाटीचा पुलर आणवला आणि त्याचे दोन बोल्ट या भोकांत सारख्या खोलीपर्यंत बसवले. त्याआधी पुलीचा मधला बोल्ट वायसर काढून परत लावला आणि दोन फेरे सैल ठेवला. पुलरचा स्क्रू त्याच्या डोक्यावर टेकवला. त्यामुळे शाफ्टचे टोक दबत नाही, आणि पुली एकदम सुटली तरी अंगावर उडत नाही.

स्क्रू आवळला, ताण आला, पण पुली ढिम्म. तेव्हा दाजींनी अप्पांना विचारले, "बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशी चढवायचे?"

"तापवून. आणिक कशी?"

"मग हेही तसंच. धाव तापली की मोठी होते, तशी पुलीही होते."

हिशेब असा : ४० मि.मी. भोकाची बिडाची पुली १५० अंशांनी तापवली तर भोक सुमारे ०.०७ मि.मी. वाढते. म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाच्या जाडीएवढे! पण गंजाची पकड सुटायला तेवढे पुष्कळ होते. मात्र उष्णता पुलीच्या तुंब्याला द्यायची, शाफ्टला नव्हे, आणि झटपट द्यायची. उशीर केला की शाफ्टही तापून फुगतो.

तापवण्याआधी दाजींनी सगळे रॉकेल पुसून कोरडे केले, डिझेलची टाकी बंद करून ओले पोते झाकले आणि वाळूची बादली जवळ ठेवली. ब्लोलॅम्प तुंब्याभोवती फिरवत ठेवला. पाण्याचा थेंब चर्र करून उडू लागला, तशी पान्ह्याला पाव फेरा दिला आणि तुंब्यावर पितळी दांड्याने चार बाजूंनी हलके टोले मारले. पुन्हा पाव फेरा. तिसऱ्या खेपेला 'टक्' असा आवाज झाला आणि पुली केसभर पुढे आली. अप्पांनी हातच जोडले!

पुढचे कामही तितकेच महत्त्वाचे. सीलचा ओठ पुलीच्या तुंब्यावर फिरतो. तिथे नखाला लागेल असा चर पडलेला असेल तर नवे सीलही गळते. इथे चर नव्हता. टवका पट्ट्याच्या खाचेपर्यंत गेला नव्हता, चीरही नव्हती, म्हणून ती कड कानशीने गुळगुळीत करून भागले. शाफ्ट पॉलिश पेपरने साफ केला, ग्रीसचा पातळ हात दिला, चावी तपासली आणि पुली हाताने सरकत आत गेली. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर उसात होता.

सभासदांनी एवढे ध्यानात ठेवावे :

१. आधी घाण काढा, मग तेल सोडा आणि त्याला दोन दिवस द्या.
२. पुलीच्या तोंडावर आट्यांची भोके आहेत का ते पाहा. बिडाच्या कडेला ओढ देऊ नका.
३. क्रँकच्या टोकावर घण घालू नका.
४. रॉकेल ओले असताना आग लावू नका. डोळ्यांवर चष्मा हवाच, पुलरच्या समोर उभे राहू नका.
५. परत बसवताना ग्रीसचा हात द्या. पुढच्या वेळी आपल्यालाच सोपे जाते.

निघताना अप्पांचा मुलगा आम्हाला म्हणाला, "दोन दिवस ठोकत बसलो, त्यापेक्षा दोन दिवस तेल सोडलं असतं तर पुलीचा टवका तरी वाचला असता." आमच्या मते या लेखाचे सार त्यातच आले. आपल्याकडच्या अशा दुरुस्तीचे अनुभव सभासदांनी जरूर कळवावेत. एकाची ठेच दुसऱ्याच्या कामी येते.