वॉटचा बाजार आणि दाराची पेटी

नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली पॅसेंजर बुटीबोरी, बोरखेडी करत सिंदीला थांबते आणि पुढे तुळजापूर, सेलू रोडकडे जाते. वर्ध्याला लागून असलेली सिंदी (मेघे) वेगळी, म्हणून या गावाच्या नावापुढे कंसात रेल्वे आली. तान्ह्या पोळ्याच्या भल्यामोठ्या लाकडी नंदींसाठी हे गाव पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. अलीकडे नाव निघतं ते इथे होऊ घातलेल्या ड्राय पोर्टमुळे, आणि जिल्ह्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गामुळे. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता मुंबईच्या वेशीपर्यंत सुरू झाला. शेती, नोकरी, दवाखाना, लग्नकार्य अशा कामांसाठी चारचाकीत तासन्‌तास बसणं आलं. मग गाडीतल्या गाण्यांचा आवाज किरकिरा आहे हे लक्षात येतं, आणि कुणीतरी म्हणतं, "भाऊ, कंपनीचे स्पीकर काढून टाका, नागपूरहून चांगले बसवून आणू."

या सल्ल्यात थोडं तथ्य आहे. साध्या मॉडेलमधला कंपनीचा स्पीकर हलका असतो: कागदाचा कोन, छोटं चुंबक, प्लॅस्टिकची चौकट. बेस मॉडेलमध्ये कधी दोनच स्पीकर येतात, कधी एकही येत नाही. गाडीची किंमत ठरवताना हजारो सुट्या भागांतून पैसे वाचवायचे असतात आणि स्पीकर हा त्यातला सोपा बळी. पण हा स्वस्त स्पीकर एका बाबतीत हुशारीनं निवडलेला असतो. कंपनीच्या स्टिरिओतून जी थोडीशी शक्ती निघते, तेवढ्यात तो मोकळा आवाज देतो. दुकानातून आणलेला जाडजूड, भारी चुंबकाचा स्पीकर त्याच स्टिरिओला जोडला की आवाज उलट दबतो. पैसे गेले आणि गाणं बारीक झालं, ही तक्रार त्यामुळेच इतकी ऐकू येते.

स्पीकर मुळात चालतो कसा, हे थोडं पाहून पुढे जाऊ. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये ज्या रचनेचं वर्णन केलं, ती आज शंभर वर्षांनीही तशीच आहे. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं असतं, वेटोळ्याला कोन चिकटवलेला असतो. विजेचा प्रवाह बदलला की वेटोळं मागेपुढे होतं आणि कोन हवा ढकलतो. मोटारीत रेडिओ बसवण्याचा धंदा १९३० मध्ये गॅल्विन बंधूंनी मोटोरोला या नावानं उभा केला. पण गाडी ही स्वतःच एक खोली आहे आणि आवाज त्या खोलीच्या मापानं बेतायला हवा, हा विचार मोठ्या प्रमाणावर रुजायला ऐंशीचं दशक उजाडलं. कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेल्या एका बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव, एमआयटीतले प्राध्यापक अमर बोस यांच्या कंपनीनं जनरल मोटर्सच्या १९८३ च्या मॉडेलांसाठी प्रत्येक गाडीच्या आतल्या जागेनुसार जुळवलेली ध्वनियंत्रणा दिली. काच कुठे, गादी कुठे, चालकाचा कान स्पीकरपासून किती लांब, हे मोजून.

आपल्याकडे तो विचार आता मध्यम किमतीच्या गाड्यांपर्यंत आला आहे. टाटांच्या हॅरियरमध्ये जेबीएलचे स्पीकर मिळतात, महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे बारा आले. या दोन्ही गाड्या पुणे परिसरातल्या, आणि जेबीएल ज्या हरमन समूहाचा ब्रँड आहे त्याचा कारखानाही पुण्याजवळ चाकणला आहे. तुमच्या गाडीत अशी नामांकित यंत्रणा कारखान्यातूनच आली असेल तर माझा सल्ला एका वाक्याचा आहे: स्पीकर बदलू नका. तिथे मागे दडवलेला अॅम्प्लिफायर आणि त्यातला डिजिटल प्रोसेसर त्या विशिष्ट स्पीकरचे गुणदोष धरून आवाज घडवतो. कुठला स्वर वाढवायचा, कुठला कापायचा, ट्विटरला, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरला, काय पाठवायचं हे आधीच ठरलेलं असतं. मधला एक स्पीकर काढून बाजारातला बसवला, की एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याच्या अंगावर चढवल्यासारखं होतं. शिवाय अशा यंत्रणांमध्ये काही स्पीकर २ ओहमचे असतात (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध). त्यांच्या जागी नेहमीचा ४ ओहमचा लावला तर त्याला शक्ती जवळपास निम्मी मिळते. उलट साध्या स्टिरिओला २ ओहमचा जोडला तर त्याच्या आतली चिप तापते, आणि आपल्या मे महिन्यात तिला तापायला निमित्त लागत नाही.

आता उरल्या साध्या गाड्या, म्हणजे रस्त्यावरच्या बहुतेक. इथे पहिली गाठ पडते ती वॉटशी. स्टिरिओच्या डब्यावर '४ × ५० वॉट' असं ठसठशीत छापलेलं असतं. हा आकडा येतो कुठून, याचं गणित सहज करता येतं. इंजिन चालू असताना गाडीची वीज साधारण १४.४ व्होल्ट असते. १४.४ चा वर्ग करून ४ ओहमनं भागा, उत्तर येतं जवळपास ५२. म्हणजे आवाज पूर्ण फाटून नुसता खरखराट उरला, तर त्या घडीला निघणारी ही शक्ती. स्वच्छ सूर हवा असेल तर त्याच विजेतून सिद्धांतानं २६ वॉट निघतील आणि चिपमधली गळती धरली तर प्रत्यक्षात वीसच्या आतबाहेर. '३०० वॉट' लिहिलेला स्पीकर घेऊन त्याला हे वीस वॉट पाजायचे असतील, तर ते तीनशे कशासाठी मोजले? स्पीकरवरचा वॉटचा आकडा तो किती सहन करतो हे सांगतो. किती देतो हे सांगत नाही. त्यातही पाहायचा तो 'आरएमएस', म्हणजे सतत सोसण्याचा आकडा. 'पीक' किंवा 'मॅक्स' हा दुकानाच्या पाटीसाठी असतो.

खरं बोलणारा आकडा डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो: सेन्सिटिव्हिटी, म्हणजे थोड्या शक्तीत स्पीकर किती आवाज काढतो ते, डेसिबलमध्ये. तीन डेसिबल वाढवायचे तर शक्ती दुप्पट लागते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहा डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती. यावरून हिशेब करा. ८७ डेसिबलच्या स्पीकरला वीस वॉट देऊन जेवढा आवाज मिळेल, तेवढा ९० डेसिबलचा स्पीकर दहा वॉटमध्ये देईल. कंपनीचाच स्टिरिओ ठेवायचा असेल तर ९० किंवा त्याहून वर असलेला स्पीकर मागा, वॉट विसरा. यातही एक पळवाट आहे. काही कंपन्या हा आकडा १ वॉटवर मोजतात, काही २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट होतात, त्यामुळे तोच स्पीकर कागदावर तीन डेसिबलनं मोठा दिसतो. दोन डबे शेजारी ठेवून तुलना करताना मोजमाप एकच आहे ना, हे आधी पाहा.

मापाचं म्हणाल तर पुढच्या दारात बहुधा साडेसहा इंची स्पीकर असतो, मागच्या तबकात कधी सहा बाय नऊचा लंबगोल. व्यासापेक्षा खोली जास्त छळते. काच खाली केली की ती दाराच्या पोटात उतरते आणि मागे आलेल्या जाड चुंबकावर आदळते. म्हणून दाराचं पॅड बंद करण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन पाहायची, हा नियमच समजा. कंपनीच्या स्पीकरला प्लॅस्टिकची उंच बैठक असते आणि बाजारातल्याची चौकट चपटी असते, त्यामुळे मधे कडं घालावं लागतं. ते एमडीएफचं स्वस्तात कापून मिळतं. पण काचेच्या फटीतून आलेलं पावसाचं पाणी दाराच्या आतूनच खाली जातं, दोन पावसाळ्यांत एमडीएफ फुगतं. प्लॅस्टिकचं कडं घ्या.

आणि आता खरी गोष्ट, जी दुकानदार क्वचित सांगतो, कारण तीत त्याचा नफा थोडा आणि मेहनत फार. स्पीकरला पेटी लागते, आणि गाडीत ती पेटी म्हणजे दार. कोन पुढे जाताना समोरची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा ओढतो. या दोन हवा एकमेकींना भेटल्या की बेस तिथेच मरतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात आणि बाहेरचा पत्रा नखानं टिचकी मारली तरी वाजतो. भोकं बंद केली, बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट चिकटवली, स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची कडी दिली, तर कंपनीचा जुना स्पीकरसुद्धा ओळखू येणार नाही इतका सुधारतो. समृद्धीच्या सिमेंटवर शंभरच्या पुढे गेल्यावर टायरचा जो घरघराट आत येतो, तोही यानं कमी होतो. म्हणून पैसे मोजके असतील तर आधी दार करा, स्पीकर पुढच्या वर्षी.

शीट घेताना मात्र विदर्भ विसरू नका. डांबरी शीट स्वस्त मिळते. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा दिवसांत उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही, डांबर सैल होऊन दाराच्या तळाशी घसरतं आणि पाण्याची भोकं बुजवतं. ब्युटाइल रबराची शीट महाग पडते, पण टिकते. हीच कसोटी स्पीकरलाही लावा. कोनाच्या कडेला फोम असेल तर तो काही उन्हाळ्यांत भुगा होतो, रबर टिकतं. दारासाठी कागदापेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा कोन बरा, त्याला ओल बाधत नाही. डॅशबोर्डवर काचेखाली बसणाऱ्या ट्विटरमध्ये बहुधा निओडिमियमचं चुंबक असतं. त्याच्या साध्या प्रतीची उष्णतेची मर्यादा ८० अंशांच्या आसपास असते. म्हणून शक्य असेल तर ट्विटर दाराच्या कोपऱ्यात, आरशामागच्या त्रिकोणात बसवावा.

कोएक्सियल की कॉम्पोनंट, हा वाद दुकानात फार रंगतो. पहिल्यात ट्विटर मोठ्या स्पीकरच्या पोटातच असतो, दुसऱ्यात तो सुटा असतो आणि मोठा स्पीकर दारात खाली असला तरी गायकाचा आवाज समोरून, काचेपाशी आल्यासारखा वाटतो. पुढच्या दोन दारांसाठी कॉम्पोनंट परवडत असेल तर घ्या. मागच्या प्रवाशांसाठी जुनेच राहू द्या, किंवा साधे कोएक्सियल. तुम्ही ऐकता काय, यावरही ठरवा. नागपूर आकाशवाणी ५८५ किलोहर्ट्‌झवर मध्यम लहरींत लागते. या लहरींवर केंद्रांमधलं अंतर ९ किलोहर्ट्‌झ असल्यामुळे आवाजाचा वरचा पल्ला साडेचार हजार हर्ट्‌झच्या आसपास संपतो. शेतीचा कार्यक्रम आणि बातम्या एवढंच ऐकणाऱ्यानं रेशमी ट्विटरवर पैसे घालणं म्हणजे उधळपट्टी. एफएम पंधरा हजारांपर्यंत जातं, तिथे तो कानाला कळतो.

बसवण्याच्या दिवशी दोन गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. वायर कापू देऊ नका. गाडीच्या कंपनीनुसार कपलर मिळतात, ते लावले की मूळ वायरिंग शाबूत राहतं आणि वॉरंटीवरून वाद होत नाही. दुसरं, अधिक-उणे तपासा. रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर लावला आणि कोन बाहेर आला, तर सेलचं अधिक टोक जिथे आहे ते स्पीकरचं अधिक. डावा सुलटा आणि उजवा उलटा जोडला गेला तर दोघे एकमेकांचा बेस खातात, आणि दोष बिचाऱ्या स्पीकरवर जातो.

पोळ्याला आणि गणपतीला गाव ज्या मापाचा आवाज ऐकतं, ते माप गाडीत आणू नये, असं माझं मत आहे, आणि ते मागितल्याशिवाय देतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, ८८ चा चारच तास, असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं मार्गदर्शन आहे. बंद काचांच्या गाडीत तो पल्ला गाठायला वीस वॉट भरपूर होतात.

दुकानात जाताना रोज ऐकता ती गाणी स्वतःच्या मोबाइलमध्ये घेऊन जा. दुकानदाराचं दणदणीत गाणं कुठल्याही स्पीकरवर चांगलंच वाजतं. फलकावर टांगलेला स्पीकर आणि दारात बसलेला स्पीकर यांत फरक पडतो, तेव्हा जमलं तर तोच स्पीकर बसवलेली कुणाची गाडी ऐकून या. आणि काम झाल्यावर काढलेले जुने स्पीकर, स्क्रू आणि प्लॅस्टिकच्या बैठका पिशवीत घालून घरी आणा. गाडी विकायच्या वेळी नवे काढून हेच परत बसवायचे आहेत.