सात धावांनी मागे असताना बंट

बेसबॉलचा हंगाम सुरू होऊन चारच दिवस झाले होते. १ एप्रिल २०१८, बाल्टिमोर. मिनेसोटा ट्विन्स ७-० ने पुढे, शेवटची इनिंग, त्यांचा पिचर होसे बेरिओस भन्नाट फॉर्मात. ओरिओल्सचा नवखा चान्स सिस्को बॅटिंगला आला. डावखुरा म्हणून ट्विन्सने फील्डर उजवीकडे सरकवले, तिसऱ्या बेसकडची बाजू मोकळी. सिस्कोने तिकडेच बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकवला, आणि पहिला बेस गाठला. सामन्यानंतर ट्विन्सच्या ब्रायन डोझियरने उघड नाराजी दाखवली: सामना हातातून गेल्यावर असं खेळू नये.

मला हा आक्षेप पटत नाही. सामना खरंच संपला होता, तर फील्डर सरकवायचे कशाला? तुम्ही डावपेच चालू ठेवलेत, मग समोरच्याने हत्यारं का टाकावीत? कुणी म्हणेल, त्या एका बेसने काय साधणार होतं? पण पुढे एक वॉक आणि मॅनी मचाडोची सिंगल मिळून तिन्ही बेस भरले! धाव झाली नाही, बेरिओसने सामना संपवला, हे खरं. तरी संधी उभी राहिली ती त्या बंटमुळेच. शिवाय संघात जागा पक्की करू पाहणाऱ्या नवख्याकडून प्रयत्न सोडण्याची अपेक्षा करणं हाच खेळाचा अपमान आहे.