बंबासाठी घरचं जळण

मळका कागद, चिंध्या झालेला पुठ्ठा, पालापाचोळा, लाकडाचा भुसा यांना रद्दीवाला हात लावत नाही. तरीही त्यांत जळणाची ताकद असते. अडचण असते ती सुटेपणाची. सुटा पाला भरकन पेटतो आणि बंबातलं पाणी तापण्याआधीच संपतो. म्हणून कागद-पुठ्ठा भिजवून लगदा करावा, त्यात चुरलेला पाला नि भुसा मिसळावा, साच्यात दाबून पाणी काढावं आणि वड्या कडक उन्हात खडखडीत वाळवाव्यात. लगद्याचे तंतू सुकताना एकमेकांत अडकतात, त्यामुळे वेगळा डिंक लागत नाही. वाळवण्यात मात्र घाई नको. ओल राहिली तर उष्णता ती उडवण्यातच खर्च होते आणि धूर वाढतो.

धुराचा आक्षेप खराच आहे. पुण्याच्या ‘ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट’ला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला, तो उसाच्या पाचटाचा आधी कोळसा करून मग त्याच्या कांड्या पाडण्यासाठी. घरच्या वड्यांत धूर कमी करणारी कोळशाची ती पायरी नसते, म्हणून त्या उघड्या अंगणातल्या बंबातच जाळाव्यात, बंद खोलीत कधीच नाही. प्लास्टिक, गुळगुळीत छापील कागद, रंगवलेलं लाकूड यांचा तुकडाही त्यात नको. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखे विषारी वायू सुटतात. स्वच्छ रद्दी पुनर्वापरालाच द्यावी, ओला कचरा खतालाच जावा. या दोन्ही वाटा बंद असतील तेवढाच कचरा जळणाचा. ही मर्यादा पाळली, तर या वड्या सरपणाचा भार नक्की हलका करतील.